तळघरातील ओल आतून रंग लावून थांबत नाही

गोव्यात उतारावर घर बांधले की खालच्या अंगाला तळघर काढणे सोयीचे ठरते. पावसाळ्यात त्याच्या भिंतींना ओल आली की बहुतेक जण आतून वॉटरप्रूफ रंग लावून घेतात. तो खर्च वाया जातो असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पाणी भिंतीच्या पलीकडून रेटा देत असते.

आपला जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यात झपाट्याने मुरते आणि भूजल वर येते. आवारात विहीर असेल तर जुलैमध्ये तिच्यात डोकावून पाहावे. पाण्याची पातळी तळघराच्या जमिनीपेक्षा वर असेल, तर भिंतीमागेही पाणी साचलेले असण्याची दाट शक्यता असते. असे एक मीटर उंचीचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी दर चौरस मीटरला सुमारे १००० किलोचा भार टाकते. त्यापुढे आतला रंग टिकत नाही. आधी त्याला फुगे येतात, मग पांढरे क्षार फुटतात आणि शेवटी गिलाव्याचे पोपडे सुटतात.

म्हणून पाणी बाहेरच अडवावे आणि वळवावे. १०० चौरस मीटरच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी उतरते, आणि पन्हळी नसतील तर ते सगळे पागोळ्यांवाटे पायालगत मुरते. पन्हळी पावसाआधी साफ करून त्यांचे पाणी पाइपने घरापासून दूर, उताराकडे सोडावे. चढाच्या बाजूला भिंतीलगत चर खणून त्यात छिद्रांचा पाइप आणि खडी घालावी व त्याचे तोंड खालच्या अंगाला उघडे ठेवावे. बाहेरच्या बाजूचे वॉटरप्रूफिंग बांधकामाच्या वेळीच करून घ्यावे, कारण नंतर त्यासाठी भिंतीलगतची सगळी माती उपसावी लागते.

एवढे करूनही पाणी झिरपत असेल, तर सर्वांत खोल कोपऱ्यात खड्डा करून फ्लोट स्विचचा, म्हणजे पाणी चढले की आपोआप सुरू होणारा, पंप बसवावा. वादळात वीज हमखास जाते, त्यामुळे तो इन्व्हर्टरवर चालायला हवा. खाडीकाठच्या सखल भागात भरतीच्या वेळी गटाराचे पाणी उलटे फिरते. तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, आवश्यकच आहे.

विजेचा मेन स्विच तळघरात मुळीच नसावा, आणि तो बंद केल्याशिवाय साचलेल्या पाण्यात कोणीही उतरू नये. तळघर भरलेच तर ते एका दमात उपसण्याची घाई करू नये. बाहेरची जमीन पाण्याने भिजलेली असताना आतले पाणी एकदम काढले, तर बाहेरच्या दाबाने भिंत आत कोसळू शकते.