माडीवरच्या जुन्या कॉम्प्युटरला नेट जोडलं, माझा अनुभव

आमचं घर वाईला, जुनं, खालचा मजला दगडमातीचा आणि भिंती दोन-दोन फूट जाड. फायबरचं कनेक्शन आलं तेव्हा राऊटर सोप्यात दाराशेजारी बसवला, आणि अण्णांचा कॉम्प्युटर माडीवर अगदी मागच्या खोलीत. कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, विंडोज सेव्हन, वायफाय अर्थातच नाही. मी पुण्याहून शनिवार-रविवारी येते, त्यामुळे हे सगळं व्हायला तीन सुट्ट्या गेल्या.

आधी सांगते नवीन का नाही घेतला, कारण सगळे हेच विचारतात. अण्णांचं पंधरा वर्षांचं लिखाण एका जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधे आहे, युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीचे फॉन्ट, आणि त्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालत नाही ते छोटं यंत्र, मागच्या प्रिंटर पोर्टला लावायला लागतं. आजच्या मशीनला तो पोर्टच नसतो. त्यांचे हात त्याच कीबोर्डवर बसलेत. मग मशीन तेच ठेवायचं आणि नेट त्याच्यापर्यंत न्यायचं असं ठरवलं.

पहिल्या दिवशी फोन यूएसबीने लावला आणि टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला देणं, चालू केलं. विंडोज सेव्हनने स्वतःच ओळखलं, दोन मिनिटांत नेट. पण एकही साईट उघडेना, प्रत्येक ठिकाणी कनेक्शन सुरक्षित नाही असा मेसेज. मी अर्धा तास ब्राऊझरच्या सेटिंगमधे घालवला आणि मग अण्णाच म्हणाले, "अगं, याची तारीख रोज चुकते, मी हल्ली बघतच नाही." तारीख होती १ जानेवारी २००८! साईट खरी आहे हे सांगणाऱ्या सर्टिफिकेटला मुदत असते, कॉम्प्युटरला वाटतंय आपण २००८ मधे आहोत, म्हणजे त्याच्या हिशोबाने ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही. मदरबोर्डवरचा सेल गेलेला, सीआर २०३२, ३ व्होल्टचा, घड्याळवाल्याकडे पण मिळतो. तो बदलला आणि साईट उघडायला लागल्या. जुना कॉम्प्युटर नेटला लावणार असाल तर खरंच आधी तारीख बघा, बाकी सगळं नंतर.

टेदरिंग तात्पुरतं ठीक, पण माझा फोन वाईला ठेवून मी पुण्याला कशी जाणार. म्हणून यूएसबीचं छोटं वायफाय डोंगल आणलं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, छोट्या सीडीवर आणि सीडी ड्राईव्ह उघडेना, मग परत फोन लावून ड्रायव्हर डाउनलोड केला. तरी यादीत शेजारच्यांचं वायफाय दिसतंय आणि आमचंच नाही. माझ्या फोनवर मात्र त्याच खोलीत एक कांडी येत होती. फोनवर वायफायचा चॅनेल, म्हणजे ते कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतंय ते, दाखवणारं ॲप टाकलं तर कळलं की राऊटर ऑटोवर असल्यामुळे १३ नंबरच्या चॅनेलवर गेलाय आणि डोंगलचा ड्रायव्हर फक्त १ ते ११ बघतो. राऊटरमधे जाऊन चॅनेल ६ केला, लगेच दिसायला लागलं.

दिसलं पण टिकलं नाही. कॅबिनेटच्या मागे लोखंडी पत्रा, त्याच्यामागे भिंत, म्हणून यूएसबीची एक्स्टेंशन वायर लावून डोंगल खिडकीच्या कोनाड्यात ठेवलं, थोडा फरक पडला, पण नेट तुटल्याचा 'लिमिटेड ॲक्सेस' मेसेज येतच राहिला. दोन फूट दगडातून डोंगलने तरी किती ओढायचं. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त मेल अर्धवट राहिला की चष्मा काढून बाजूला ठेवायचे, आणि ते मला बघवत नव्हतं.

शेवटी वायरच टाकायची ठरवलं. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, आमचं अंतर जेमतेम २२ मीटर. दुकानात प्युअर कॉपरच मागितली, स्वस्तात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली मिळते, ती वाकवली की तुटते. मला आधी डिशच्या वायरीबरोबर बाहेरच्या भिंतीवरून न्यायची होती, ते सोपं होतं, पण अण्णांनी नको म्हटलं. वळवाच्या पावसात इथे विजा फार होतात, बाहेरून आलेल्या वायरीतून करंट येऊन लॅन पोर्ट जळतात. मग जिन्याच्या कडेने केसिंग पट्टीतून, लाईटची वायर ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूने वर नेली. तुळईजवळ एक जुनं भोक होतं त्यातून केबल गेली, पण टोकाला जॅक लावलेला असता तर गेली नसती, म्हणून जॅक नंतर लावायचे.

जॅक गावातल्याच एका माणसाने मारून दिले. टेस्टर लावला, आठही लाईट क्रमाने लागले, सगळे खूश. आणि कॉम्प्युटरला लावलं तर नेट येतंय जातंय, येतंय जातंय. मी पोर्टवर संशय घेतला, ड्रायव्हर परत टाकला, राऊटरचा पोर्ट बदलला, काही नाही. रात्री बॅटरी घेऊन जॅक नीट बघितला तेव्हा दिसलं की त्याने रंग जोडीने ओळीत लावलेत, नारिंगी-हिरवा-निळा-तपकिरी. बरोबर क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. म्हणजे हिरव्याची जोडी ३ आणि ६ नंबरवर, मधे निळी. केबलमधे प्रत्येक जोडीला पीळ असतो आणि त्या पिळामुळेच आजूबाजूच्या तारांचा त्रास सिग्नलला होत नाही, पण एक तार या जोडीतली आणि दुसरी त्या जोडीतली घेतली की पीळ असून नसल्यासारखा. टेस्टरला हे कळत नाही, त्याला फक्त इकडची तार तिकडे पोचली का एवढंच समजतं. दोन्ही टोकांना सारखीच चूक, म्हणून सगळे लाईट हिरवे!

रविवारी सकाळी त्यालाच परत बोलावलं, कागदावर क्रम लिहून दिला, त्याने न कुरकुरता दोन्ही जॅक कापून नवीन मारले, पैसे पण घेतले नाहीत. लावल्या लावल्या १०० एमबीपीएसची लिंक, आणि मग दिवसभर एकदाही तुटली नाही.

विंडोज सेव्हनचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झालेत आणि क्रोम ब्राऊझर त्याच्यावर १०९ व्हर्जनच्या पुढे जात नाही, त्यामुळे या मशीनवर बँकेचं काही करायचं नाही हे अण्णांना नीट समजावून सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं. बाकीच्यासाठी फायरफॉक्स ब्राऊझरचं सेव्हनवर चालणारं ११५ ईएसआर व्हर्जन टाकून दिलं. लेख पाठवायचा तर आधी पीडीएफ करायचा, कारण समोरच्याकडे तो फॉन्ट नसतो, हेही शिकवलं.

संध्याकाळी मी निघायच्या आधी वर गेले तर अण्णा मराठी विश्वकोश उघडून बसले होते. विश्वकोशाचं ऑफिस आमच्याच गावात, खंड बघायला ते तिथे चालत जायचे, आता गुडघ्यामुळे जमत नाही. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "निघालीस का? पोचलीस की मेल कर, फोन नको."