काकांच्या यादीची किंमत

आमच्या काकांचं कोथरूडला किराणा दुकान आहे. सकाळी नऊ वाजले की काउंटरवरचा फोन टुंग टुंग करायला लागतो. ‘तूरडाळ १ किलो, जाडे पोहे अर्धा, मागचा रवा जुना होता हं काका.’ सगळा कारभार व्हॉट्सॲपवर. परवा मी त्यांची बिलं जुळवत बसले होते, तर काका म्हणाले, “अगं, हे तर फुकट. मग फेसबुकनं त्याला एवढे पैसे कसले मोजले?”

मी कंपनी सेक्रेटरी. असल्या सौद्यांचे फॉर्म भरूनच माझं पोट चालतं, त्यामुळे उत्तर देणं भाग होतं.

फेसबुकनं व्हॉट्सॲप विकत घ्यायचा सौदा २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलरला जाहीर झाला, पण आपल्या स्पर्धा आयोगापुढे, म्हणजे असे मोठे सौदे तपासणाऱ्या सरकारी संस्थेपुढे, आलाच नाही. तेव्हा घेतल्या जाणाऱ्या कंपनीची भारतातली मालमत्ता २५० कोटींच्या किंवा उलाढाल ७५० कोटींच्या आत असली की आयोगाच्या परवानगीतून सूट मिळायची. व्हॉट्सॲपचं इथे ना गोदाम, ना बिलबुक. काकांसारखी कोट्यवधी माणसं होती, पण ताळेबंदात माणसं कुठल्या रकान्यात लिहिणार?

युरोपात तपासणी झाली. एकाच माणसाची फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरची खाती आपोआप, भरवशानं जुळवणं जमणार नाही, असं फेसबुकनं सांगितलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये मंजुरी मिळाली. २०१६ मध्ये व्हॉट्सॲपनं अटी बदलल्या, खाती जुळवायची वाट निघाली. चुकीची माहिती दिली म्हणून मे २०१७ मध्ये ११ कोटी युरो दंड झाला. मंजुरी शाबूत! १९ अब्जांपुढे हा दंड म्हणजे भाजीवर फुकट मिळणारी कोथिंबीर.

आपल्याकडे १० सप्टेंबर २०२४ पासून सौद्याची किंमतही बघतात. ती २,००० कोटींच्या वर आणि कंपनीचा इथला व्यवसाय भरीव, तर आधी आयोगाची परवानगी. डिजिटल सेवा असेल तर जगातल्या एकूण वापरकर्त्यांपैकी १० टक्के भारतात असले तरी व्यवसाय भरीव धरतात. म्हणजे काका एकदाचे मोजणीत आले. (त्यांच्याकडे दोन सिमकार्डं आहेत. ते एक धरायचे की दोन, यावर आमच्या ऑफिसात अर्धा दिवस जाईल.)

“मग आता तो जुना सौदा उघडतील?”

“नाही हो काका. सौदा पुरा झाल्यापासून वर्षाच्या आत चौकशी सुरू करावी लागते.”

“आमच्या उधारीसारखंच की,” म्हणाले, आणि टुंग झालेला फोन उचलला. कुणाला तरी उपासाचा साबुदाणा हवा होता.