मुलांची आवड आहे, एवढं पुरेल का?

बालकल्याणाच्या कामासाठी माणसं निवडणं आणि निवडल्यावर त्यांना तयार करणं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. हे कळलं की समोरून हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "मुलांची मनापासून आवड असली की जमतं ना हे?" काहींना स्वतःला अर्ज करायचा असतो. काही संस्था चालवतात, त्यांच्याकडे जागा रिकाम्या असतात, समाजकार्य शिकलेलं कुणी मिळत नसतं, आणि 'माया करणारं माणूस घेऊ, बाकीचं शिकेल' असं त्यांनी मनातल्या मनात ठरवूनही टाकलेलं असतं. इतक्यांदा विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

नाही पुरत. आवडीपोटी अर्ज जरूर करा, पण आवड बघून कुणाची निवड करू नये.

मुळात या कामातला बराचसा वेळ मुलांबरोबर जातच नाही. तो जातो मोठ्यांबरोबर. दारात उभं राहून शिव्या घालणारा बाप, नीट बोलता बोलता मध्येच गप्प होणारी आई, घाईत असलेले डॉक्टर, शाळा, पोलीस, कोर्ट, आणि रात्री उशिरापर्यंत लिहायचे अहवाल. ज्या घरांत आम्ही जातो तिथे अनेकदा मारहाण नसते, हेळसांड असते. तिच्यामागे गरिबी, व्यसन, आजारपण, एकटीने संसार ओढणं, असलं काहीतरी असतं. अशा घरात मुलासाठी काही चांगलं करायचं तर त्याच्या आईबापाशीच जमवून घ्यावं लागतं. ज्याला मुलांचा फार पटकन लळा लागतो त्याला नेमकं हेच जड जातं. त्याच्या लेखी आईबाप गुन्हेगार ठरतात, आणि मूल उचलून आणणं हाच एक उपाय दिसू लागतो. घर तुटल्याचे व्रणही मुलाच्याच अंगावर राहतात, हे त्याला दिसत नाही.

दुसरं कारण बोलायला अवघड आहे, पण बोललंच पाहिजे. मुलांपर्यंत भलत्या हेतूने पोहोचू पाहणारा माणूसही मुलाखतीत 'मुलांची आवड आहे' हेच वाक्य म्हणतो. इंग्लंडमधल्या लेस्टरशरमध्ये बालगृहांचा प्रमुख असलेल्या फ्रँक बेकला मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी १९९१ साली जन्मठेप झाली. तोवर 'अवघड मुलं सांभाळावीत तर यानेच' असा त्याचा लौकिक होता. त्यानंतर नॉर्मन वॉर्नर यांची समिती नेमली गेली आणि १९९२ च्या तिच्या अहवालाचा मोठा भर निवडीच्या पद्धतीवर होता. एका मुलाखतीवर विसंबू नका, आधीच्या नोकऱ्यांच्या ठिकाणी खोलात चौकशी करा. म्हणून अर्जातल्या दोन नोकऱ्यांच्या मधला रिकामा काळ मी विचारतेच. उमेदवाराला राग आला तरी विचारते.

मग बघायचं काय? मी एक कागद देते. त्यावर एका गृहभेटीचं पानभर वर्णन असतं आणि त्यावरून अर्ध्या पानाची नोंद लिहायची असते. बहुतेक जण लिहितात, 'घर अस्वच्छ. आई बेफिकीर. मूल घाबरलेलं.' हे सगळे निकाल झाले. काय दिसलं ते कुठेच आलं नाही. क्वचित कुणीतरी लिहितं, 'दुपारी दीडला गेले. मोरीत सकाळची भांडी. मुलगा दाराआड उभा होता, आईने हाक मारल्यावर तिच्याकडे न जाता माझ्याकडे बघत राहिला. घरात खायला काय आहे ते विचारायचं राहिलं.' यातलं शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. आपल्याला काय कळलेलं नाही याची नोंद करणारा माणूस शिकवता येतो. सगळं कळलेल्या माणसाला शिकवणं फार कठीण.

निवड पक्की करण्याआधी एक दिवस आमच्या माणसाबरोबर फिरायला लावावं, असंही माझं मत आहे. अमेरिकेत काही राज्यांत अर्जदारांना कामाचं खरंखुरं चित्र दाखवणाऱ्या फिल्म अर्जाच्या वेळीच दाखवतात. कुणी ते बघून पाय मागे घेतला तर बरंच झालं म्हणायचं. सहा महिन्यांनी, डोक्यावर वीस मुलांच्या फायली असताना तो गेला असता तर ते महागात पडलं असतं.

पदवीचं म्हणाल तर मी पदवीच्या बाजूची आहे, पण तिच्या भरवशावर नाही. कायदा, बालविकास, व्यसनाचा कुटुंबावर होणारा परिणाम, हे नोकरी करता करता कानावर पडून येत नाही. अमेरिकेत १९८० च्या कायद्यानंतर या क्षेत्रातल्या प्रशिक्षणाच्या पात्र खर्चापैकी ७५ टक्के केंद्र सरकार उचलू लागलं. त्यातून विद्यापीठांत शिष्यवृत्त्या निघाल्या, शिकून झाल्यावर ठराविक काळ बालकल्याण खात्यात काम करण्याच्या अटीवर. शहाणपणाची सोय आहे. पण शिकलेलं माणूससुद्धा एकटं पडलं की काय होतं, यासाठी मी दर नव्या तुकडीला व्हिक्टोरिया क्लिम्बीची हकिगत सांगते.

आयव्हरी कोस्टहून फ्रान्समार्गे लंडनला आलेली ही आठ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २००० मध्ये गेली. अंगावर १२८ जखमा. जिच्याकडे सोपवली होती ती मावशीआजी आणि तिचा मित्र, दोघांना जन्मठेप झाली. लॉर्ड लेमिंग यांचा चौकशी अहवाल २००३ च्या जानेवारीत आला. मुलीला वाचवण्याच्या किमान १२ संधी वेगवेगळ्या यंत्रणांनी घालवल्या, असं त्यात म्हटलं आहे. तिचं प्रकरण जिच्याकडे होतं ती सरकारी सामाजिक कार्यकर्ती प्रशिक्षित होती. तिने मुलीला चार वेळा पाहिलं, सगळं मिळून अर्ध्या तासाहूनही कमी. ठरलेली एक गृहभेट खरजेच्या भीतीने रद्द झाली. खरूज कशी पसरते हे कुठल्याही डॉक्टरला फोन करून कळलं असतं. तिच्या कचेरीच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे एकाकडे जास्तीत जास्त १२ केसेस असायला हव्या होत्या. तिच्याकडे १९ होत्या.

तुकडीतले लोक हे ऐकून त्या बाईवर चिडतात. मी विचारते, तिची फाइल तिच्या साहेबांनी कितीदा उघडून वाचली असेल? 'मुलीशी एकटीशी काय बोललीस?' हे तिला कुणी विचारलं असेल? मग खोली जरा शांत होते.

माझ्या हिशेबी प्रशिक्षण म्हणतात ते हेच. सुरुवातीचे वर्ग हवेतच, पण माणूस घडतो तो पुढच्या वर्षभरात, दर आठवड्याला समोर बसून फाइल उलगडणाऱ्या पर्यवेक्षकाच्या हाताखाली. त्याचे प्रश्न अगदी साधे असतात. "बाळ झोपतं कुठे? बघितलंस, की आईने सांगितलं?" "औषध चालू आहे म्हणतेस, बाटली पाहिलीस?" दोनचारदा 'नाही पाहिली' म्हणायची वेळ आली की पाचव्यांदा माणूस बाटली बघूनच येतो.

मुलांशी बोलण्याचंही तसंच. 'काकांनी मारलं ना?' असं विचारायचं नाही, 'काय झालं ते मला सगळं सांग' म्हणायचं आणि थांबायचं, हे वर्गात तासाभरात समजतं. मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अत्याचाराबद्दल मुलांशी कसं बोलावं याची एक पद्धत बसवली. तिच्यावरच्या २००२ च्या अभ्यासात असं दिसलं, की झालेल्या मुलाखती नियमाने तपासून अभिप्राय मिळत होता तोवर प्रश्न चांगले राहिले. अभिप्राय थांबला आणि माणसं जुन्या वळणावर गेली. त्यामुळे 'आमच्याकडे सगळ्यांचं ट्रेनिंग झालंय' असं कुणी अभिमानाने सांगितलं की मला पुढचा प्रश्न सुचतो, झालं कधी, आणि त्यानंतर कोण बघतंय?

आणि माणसं टिकण्याचं काय? अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ मध्ये नोंदवलं होतं की बालकल्याण कार्यकर्ता सरासरी दोन वर्षंही टिकत नाही. याची किंमत मूल मोजतं. अमेरिकेतल्याच मिलवॉकी शहरात २००३-०४ च्या सुमारास देखरेखीखाली आलेल्या मुलांचा अभ्यास झाला. ज्यांचा कार्यकर्ता शेवटपर्यंत एकच राहिला त्यांच्यापैकी ७४.५ टक्के मुलांना कायमचं घर मिळालं, स्वतःचं किंवा दुसरं. कार्यकर्ता एकदा बदलला तिथे हेच प्रमाण १७.५ टक्के. रेंगाळणाऱ्या, अवघड प्रकरणांत माणसं मुळातच जास्त बदलतात हे धरलं तरी फरक डोळ्यांत भरतो. मुलाच्या बाजूने पाहिलं तर नवी ताई आली की सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगायची. तिसऱ्या ताईला ते सांगतच नाही.

तेव्हा अर्ज करणाऱ्यांनो, मुलाखतीत शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हणतात ना, तिथे लाजू नका. एका माणसाकडे किती मुलं असतात? माझी फाइल दर आठवड्याला कोण वाचणार, त्याला त्यासाठी वेळ राखून दिलेला आहे का? पहिल्या महिन्यात मला एकटीला गृहभेटीला पाठवणार का? माझ्या आधी या जागेवर कोण होतं, आणि ते का गेलं? मुलाखत घेणारे एकमेकांकडे बघायला लागले तर दुसरीकडे अर्ज करा. आणि संस्थाचालकांनो, माझ्याकडे माणसं मागायला याल तेव्हा याच चार प्रश्नांची उत्तरं लिहून आणा, मग जाहिरातीचा मसुदा बघू.