कासराभर दिवस आणि घटिकापात्र

पंचगंगेकाठच्या शेतावरून आमची आजी ‘कासराभर दिवस वर आला की न्याहारी घेऊन ये’ असा निरोप धाडत असे, आणि बैलाच्या दोरीने सूर्य मोजण्याची ती रीत मला तेव्हा गमतीची वाटे. पंचांगाचे माप अधिक काटेकोर आहे: अहोरात्रीच्या ६० घटिका, म्हणून एक घटिका २४ मिनिटांची, आणि तिची ६० पळे, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचे. गेल्या वर्षी कोल्हापुरातच एका लग्नात गुरुजींनी खरेखुरे घटिकापात्र मांडले होते. तळाला बारीक छिद्र असलेली ती तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत हळूहळू भरत गेली, कड पाण्याला टेकताच डुबकन बुडाली, आणि गुरुजींनी ती उचलून पुन्हा पाण्यावर सोडली. (मुहूर्त टळलाच, कारण वरात बिंदू चौकात अडकली होती.)

फ्रान्सने १७९३ साली दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटे आणि मिनिटाचे १०० सेकंद ठरवले, परंतु लोकांच्या अंगवळणी न पडल्याने १७९५ साली त्याची सक्ती उठवावी लागली. हिशेब केला तेव्हा मौज वाटली: तो फ्रेंच तास आपल्या बरोबर ६ घटिकांचा होता.