चाकूची मूठ आणि मोटार रिवाइंडिंगवाला

चोपडा तालुक्यात आमची केळी आहे. खिशात घडीचा चाकू नसेल तर अर्ध्या दिवसात माणूस तीन वेळा घरी येतो. ठिबकची नळी काप, टेकूची सुतळी तोड, खताच्या गोणीची शिवण उसव, केळफूल छाट, नळ्या जोडायचा जॉइनर अडकला तर चाकूचंच टोक घालून उचकट. हे शेवटचं करू नये, पण सगळेच करतात. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तेच करताना माझ्या चाकूची मूठ मधोमध तडकली. पातं शाबूत होतं, धार तर अशी की हातावरचे केस उडवावेत. साधं प्लास्टिक होतं आणि चाकू दोन वर्षं ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर उन्हात पडून असायचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. असं प्लास्टिक उन्हाने कडक होतं आणि एक दिवस बिस्किटासारखं तुटतं.

चांगलं पातं टाकवेना. मूठ आपणच बसवू म्हटलं.

पहिली मूठ बाभळीची. औताचं रुमणं बाभळीचं चालतं, तर चाकूची मूठ का नाही? लाकूड होतं उत्तम, पण पुरतं वाळलेलं नव्हतं. जूनपर्यंत ते आकसलं, रिवेटभोवती नखाएवढी फट पडली आणि त्या फटीत केळीचा चीक जाऊन बसला. पाऊस लागल्यावर तेच लाकूड फुगलं, पातं घासायला लागलं. उघडताना अंगठ्याचं नख निघायची वेळ आली. लाकूड वाईट नाही. घरात फळं कापायच्या चाकूला शिसवाची मूठ घाला, पिढ्या जातील. पण दिवसातून चार वेळा ओला होऊन वाळणाऱ्या चाकूला त्याचा भरवसा नाही.

मग बाजारातून अख्ख्या ॲल्युमिनियमच्या मुठीचा चाकू आणला. दिसायला देखणा. तो कसा वागला ते एका वाक्यात सांगतो: दुपारी बांधावरून उचलला आणि सोडून दिला. चटका बसायचा तो बसलाच, शिवाय घामाच्या हातात तो साबणाच्या वडीसारखा फिरायचा.

पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही जी-टेन घ्या, बाकी सगळं विसरा." त्यानेच एक पाठवला. जी-टेन म्हणजे काचेच्या धाग्याचं कापड इपॉक्सी राळेत भिजवून, थरावर थर ठेवून, उष्णतेखाली दाबलेला तक्ता. पाणी पीत नाही, फुगत नाही, आकसत नाही. मजबुतीबद्दल एक शब्द बोलायला जागा नाही. माझी तक्रार वेगळीच होती. पकड यावी म्हणून त्यावर इतके खडबडीत खाचे पाडले होते की महिनाभरात पँटचा खिसा चाळणी झाला, आणि त्या खाचांत वाळलेला चीक दातकोरणीने काढावा लागे.

उत्तर सापडलं ते चाकूच्या दुकानात नाही. विहिरीची मोटार जळली म्हणून ती रिवाइंडिंगला टाकली होती. तिथे रिवाइंडिंगवाले नाना मोटारीच्या वाइंडिंगसाठी तपकिरी तक्त्याच्या पट्ट्या कापत बसले होते. कापलेली कड पाहिली तर थरांत चक्क कापडाची वीण दिसत होती. विचारलं हे काय. "हायलम शे भो, कापडवाली." आपलं सुती कापड, फिनॉलिक राळेत भिजवून दाबलेलं. परदेशी चाकूवाले ज्या मिकार्टासाठी जास्तीचे पैसे मोजतात ते याच जातीचं. मिकार्टा १९१० च्या सुमारास अमेरिकेत वेस्टिंगहाउसने विजेच्या इन्शुलेशनसाठी काढलं. चाकूला ते नंतर आलं. म्हणजे मोटारवाल्याकडे सापडलं यात नवल काहीच नाही, मला तिथे जायला वर्ष लागलं एवढंच.

नानांनी ३ मिलिमीटरचा तुकडा फुकट दिला. कागदाची हायलमही येते, ती गुळगुळीत आणि काठाला टवके उडणारी. ती घेऊ नका, कड बघून कापडाचीच घ्या.

जुने रिवेट ड्रिलने उडवले, आतली पोलादी पट्टी हाच साचा धरून हायलमवर रेघ मारली, हॅक्सॉने कापलं. पहिलं भोक पाडलं तेव्हा मागच्या बाजूने दोन थर उखडले. खाली लाकडाची फळी दाबून धरल्यावर पुढची भोकं स्वच्छ आली. ड्रिल जोरात चालवलं की जळक्या मोटारीचा वास येतो. तो आला की थांबायचं. धूळ छातीत जाऊ नये म्हणून तोंडाला रुमाल बांधून ओलंच घासलं. (जी-टेन घासणार असाल तर रुमालावर भागवू नका, चांगला मास्क लावा, ती काचेची धूळ असते, अंगाला खाजही सुटते.)

खरा घोटाळा चिकटवताना झाला. पट्टी थिनरने पुसली, ॲरल्डाइट लावलं, पितळी पिना ठोकल्या, शिकंज्यात आवळून झोपलो. सकाळी चाकू उघडेचना. जास्तीचं ॲरल्डाइट, पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याच्या जागी उतरून पातंच चिकटलं होतं. सगळं उखडलं, नवा तुकडा मागून आणला. दुसऱ्या वेळी खिळ्याभोवती आधी व्हॅसलिन भरलं, ॲरल्डाइट निम्मं घेतलं आणि तासाभराने पातं उघडझाप करून पाहिलं.

पॉलिश मुद्दाम केलं नाही. १२० नंतर ४०० च्या घासकागदाने जेमतेम दोन हात मारले. चकचकीत केली तर हायलमही निसटते, पण अशी अर्धवट ठेवली की वरचं कापड हाताला लागतं, आणि मूठ ओली झाली की पकड उलट वाढते. हे मी चिकाने माखलेल्या हाताने करून पाहिलं आहे. पहिल्या महिन्यात घाम आणि तेल पिऊन मूठ काळपट झाली, तेव्हा बायको म्हणाली, "नवा आणला तर इतका मळका का?"

दोन पावसाळे झाले. मूठ हललेली नाही. शेपटाकडची पिन जरा तिरकी आहे, ती माझी चूक. जॉइनर उचकटायला मात्र आता स्क्रू ड्रायव्हर ठेवतो.

परवा दुसऱ्या चाकूसाठी तुकडा मागायला गेलो तर नानांनी गल्ल्याखालून स्वतःचा मोडका चाकू काढून पुढे ठेवला. "पहिले मना करी दे." म्हणजे, आधी माझा करून दे.