रिकामा डबा

सोमवार, रात्र

रंगपंचमीच्या दिवशी जिन्यावरच्या रंगाच्या पाण्यावरून पाय घसरला, त्याला आज बावीस दिवस झाले. डावं मनगट अजून तीन आठवडे प्लास्टरमध्ये. इतकी वर्षं इंदूरमधल्या टिळकनगरच्या या घरात राहते, पण हात गळ्यात अडकवून बसलं की घर परकं वाटायला लागतं. कणीक मळता येत नाही, वेणी घालता येत नाही, डब्याचं झाकण निघत नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकू रोज साडेबाराला जेवणाचा डबा आणतात. जुना स्टीलचा डबा, बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी त्यांच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं, अर्धं घासून गेलेलं. झाकणाला एका बाजूने पोचा आलाय. नेमकी तिथे तळहाताने थाप मारली तरच ते सुटतं, आणि त्यासाठी दुसऱ्या हाताने डबा धरावा लागतो. पहिल्याच दिवशी त्यांच्या ते लक्षात आलं. तेव्हापासून त्या स्वतः उघडून, ताट वाढून मगच वर जातात. आज मुगाची खिचडी होती, वर तूप, बाजूला भाजलेला पापड.

संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. शुभ शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेत, येशूने वधस्तंभावरून उच्चारलेल्या सात वचनांपैकी दुसऱ्यावर मी बोलावं, असं ते म्हणाले. दुसरं म्हणजे शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला दिलेलं वचन, 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.' मी हो म्हटलं. मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या, कामाला मी कधी नाही म्हटलेलं नाही. संडे स्कूल, गायनमंडळ, आजाऱ्यांच्या भेटी, नाताळातली धान्यवाटप. का म्हटलं नाही, याचा विचार मात्र कधी केला नव्हता.

मंगळवार

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय आज तीनदा वाचला.

त्या चोराकडे काय होतं? दोन्ही हात खिळलेले. खाली उतरून चोरीचा माल परत करायची सोय नाही. बाप्तिस्मा नाही, दशमांश नाही, एकाही आजाऱ्याची भेट नाही. सुधारून दाखवायला उद्याचा दिवससुद्धा नाही. त्याने दोनच गोष्टी केल्या. आपल्याला मिळतंय ते आपल्या कृत्यांचंच फळ आहे, हे मान्य केलं, आणि येशूला म्हणाला, माझी आठवण ठेवा. पश्चात्ताप आणि विश्वास म्हणून मी मुलांना जे शिकवते, ते एवढंच. आणि त्याला उत्तर मिळालं ते 'बघू' असं नाही. 'आज' असं मिळालं.

या धड्याची चित्रं मी कित्येक वर्षं मुलांकडून रंगवून घेतली. आज पहिल्यांदा तो चोर मला आवडला नाही. त्याला इतकं फुकट का मिळावं, असं मनात आलं आणि मी दचकले.

आमच्या मंडळीत उपासना हिंदीत होते, तिथे 'उद्धार' म्हणतात. घरी आईचं मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, त्यात 'तारण'. लहानपणी सुट्टीत आजोळी नगरला जायचो. तिथल्या बाजारात एका पाटीवर मी 'सोनेतारण कर्ज' वाचलं आणि आईला विचारलं, देवळातलं तारण आणि हे तारण एकच का? (आम्ही घरी चर्चला देऊळच म्हणायचो.) आई म्हणाली, "शब्द एकच आहे. इथे आपण काहीतरी ठेवायचं असतं. तिथे त्यानेच ठेवलंय." आठ-नऊ वर्षांच्या मुलीला त्यातलं काय कळणार! पण वाक्य राहिलं.

आता जे लिहिणार आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आई गेल्यावर तिच्या पाटल्या माझ्याकडे राहिल्या. दोन होत्या, एक माझी, एक ताईची. लेकीच्या कॉलेजच्या फीची वेळ आली तेव्हा मी दोन्ही तारण ठेवल्या, ताईला न विचारता. वाटलं होतं, वर्षात सोडवून आणू. हप्ते थकले. पाटल्या सुटल्या नाहीत. ताईला दुसऱ्याच कुणाकडून कळलं तेव्हा ती नगरहून रात्रीच्या बसने आली. याच खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. चप्पलसुद्धा काढली नव्हती. तिने नुसतं विचारलं, "पाटल्या कुठे आहेत?" मी म्हटलं, "तुला काय कमी आहे?"

माफी मागितली नाही. ती सकाळच्या बसने परत गेली. पुढे दोन नाताळांना तिचा फोन आला, मी उचलला नाही. चौथ्या वर्षी ती हृदयविकाराने गेली. मी नगरला पोचले तेव्हा माती देऊन झाली होती.

त्याला आता अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मंडळीतलं एकही काम मी सोडलं नाही. आज त्या चोरापुढे बसल्यावर कळलं, हे हप्ते आहेत. मी हप्ते भरत होते. आणि जिचं देणं आहे ती पावती द्यायला उरलेली नाही.

रात्री बायबलमधलं, येशूचा शिष्य पेत्र याचं पहिलं पत्र उघडलं. पहिल्या अध्यायात तो लिहितो, की सोनं-रुपं असल्या नाशवंत वस्तूंनी तुमची सुटका झालेली नाही, ख्रिस्ताच्या मोलवान रक्ताने झाली आहे. हे मला पाठ आहे. पण 'सोनं' या शब्दाशी नजर अडकली आणि ताईची चप्पल दिसायला लागली. पुस्तक मिटून ठेवलं.

बुधवार

हात ठणकतोय. दुपारी वरणफळं होती.

शुक्रवारसाठी उदाहरण शोधताना सिस्टर राणी मारिया आठवल्या. इंदुरात त्यांची गोष्ट कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. उदयनगरच्या आदिवासींमध्ये काम करायच्या, सावकारी पाशातून त्यांना सोडवायच्या. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. 2002 साली त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरात राणी मारियांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं, तेव्हा मी एका कॅथलिक मैत्रिणीबरोबर त्या समारंभाला गेले होते. आमची मंडळी वेगळी. 1877 साली इंदुरात आलेल्या कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट) मिशनपासूनची. पण तारण देवाच्या कृपेने मिळतं, आपल्या पुण्याईने नव्हे, यात आमच्या दोघींत वाद नाही.

तेव्हा मी सगळा विचार त्या बहिणीचा केला होता. केवढं मन! आज त्या माणसाचा विचार करतेय. राखी बांधून घ्यायला मनगट पुढे करावं लागतं, आणि तो हात तोच होता. तो मागे घेणं किती सोपं गेलं असतं. मी याला लायक नाही म्हणायचं, तोंड फिरवायचं, त्यात नम्रताही दिसली असती. आणि ओवाळणीत घालायला कैद्याजवळ काय असणार? काही न देता बांधून घ्यायची, आणि त्या हातासकट जगायचं.

क्षमा करणाऱ्याचं कौतुक आपण पुष्कळ करतो. क्षमा घेणाऱ्याला काय सोसावं लागतं ते मला माहीत नव्हतं, कारण मी ती कधी घेतलीच नव्हती.

गुरुवार

आज काकूंशी जरा बाचाबाची झाली.

आपल्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. आई वाटीभर ताकाच्या बदल्यातसुद्धा वाटीत चमचाभर साखर घालून पाठवायची. मीही रोज काकूंच्या डब्यात काहीतरी घालतेच. एकदा सियागंजातून मागवलेले खजूर, एकदा बिस्किटं, नाहीतर साखर. आज साखरेचा डबा एका हाताने कलंडवताना निम्मी ओट्यावर सांडली, आणि त्या नेमक्या तेव्हाच आत आल्या.

"हे काय चाललंय तुझं?"

"रिकामा कसा देऊ, काकू?"

"अगं, रोज तुझी साखर कशात काढून ठेवू मी? धुवून पालथा घालून ठेव, पुरे. मला डबा रिकामाच लागतो."

मी म्हटलं, मला ओशाळल्यासारखं होतं. त्या ओल्या फडक्याने साखर पुसत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मग हो ना ओशाळी. जेवायला काय जातं?"

मला राग आला. त्या गेल्यावर बराच वेळ बसून राहिले. आठवत गेले तसं लक्षात आलं, की या बावीस-पंचवीस दिवसांत मी त्यांचं जेवण जेवले, पण एक दिवसही ते घेतलं नाही. प्रत्येक घासाबरोबर मनात हिशेब चालूच होता. प्लास्टर निघालं की साडी घ्यायची, पुरणपोळ्या करून द्यायच्या, म्हणजे फिटलं. त्या वाढत होत्या आणि मी ते देणं म्हणून लिहून ठेवत होते.

संध्याकाळी प्रभुभोजनाची उपासना होती. योहानाचा तेरावा अध्याय वाचला गेला. येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पेत्र म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. मला पेत्र नेहमी बरोबर वाटायचा. गुरूने आपले पाय धुवावेत, हे कोण खपवून घेईल? पण येशू त्याला म्हणतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. पेत्र नको म्हणतो त्यात भक्ती होतीच, पण मीपणही होता. धुवायचं तर मी धुवेन, माझे मळके पाय कुणी हातात घ्यायचे नाहीत.

भाकरीचा तुकडा घ्यायला मी उजवा हात पुढे केला. दोन्ही हातांची ओंजळ करायची आमची रीत आहे, ती आज जमली नाही. एकाच तळव्यावर तुकडा ठेवला गेला.

शुक्रवार, रात्र

बारा ते तीन उपासना. पंखे गरम हवा फिरवत होते. मी लिहून नेलेलं फारसं वाचलं नाही. राणी मारियांबद्दल बोलले आणि पंडिता रमाबाईंबद्दल. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. संस्कृत शास्त्रं कोळून प्यायलेली, पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून आख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणणारी बाई. तिने आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय, की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी मला उमगलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. इतकी विद्वान बाई हे उघडपणे सांगते. हे वाक्य हिंदीत सांगताना माझा आवाज फुटला. मी तान्ही असताना माझा बाप्तिस्मा झाला, सोळाव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे विश्वासाची स्वतःच्या तोंडाने दिलेली कबुली. आता अठ्ठावन्न पूर्ण झाली.

पाटल्यांचं तिथे बोलले नाही. ते मंडळीपुढे मांडायचं नव्हतं.

घरी येऊन खिडकीजवळच्या त्या खुर्चीसमोर बसले. गुडघे टेकले तर एका हाताने उठता येत नाही, म्हणून पलंगावरच. मराठीतच बोलले. प्रभू, मी ताईच्या पाटल्या तिला न विचारता ठेवल्या, तिला घालून पाडून बोलले, तिचा फोन उचलला नाही. हे मला फेडता येत नाही. तू भरलं आहेस असं मी लोकांना सांगत आले. आज ते माझ्यासाठी घेते.

एवढंच. शेवटी 'आणि मी यापुढे' असं जिभेवर आलं होतं. ते गिळलं.

दिव्य काही दिसलं नाही. रडू आलं, मग झोप आली. दुपारी जेवले नव्हते, ते पहाटे चारला जाग आल्यावर आठवलं.

शनिवार

चांगल्या कृत्यांना मग अर्थच नाही का, असं संडे स्कूलमध्ये एखादं चुणचुणीत पोर विचारतंच. मी जक्कयाची, लोकांना लुबाडणाऱ्या त्या जकातदाराची, गोष्ट सांगते, पण तिच्यातला क्रम मलाच आज नीट दिसला. येशू आधी म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. चौपट परत करायचं जक्कय त्यानंतर बोलतो. चौपट दिलं म्हणून येशू घरी आला, असं लूक लिहीत नाही.

सकाळी दहाला भाचीला नगरला फोन लावला. तिला सगळं सांगितलं, पाटल्यांचं, त्या रात्रीचं, न उचललेल्या फोनांचं. एका पाटलीचे आजच्या भावाने जे पैसे होतील ते तुझे, असंही म्हटलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग ती म्हणाली, "मावशी, मला माहीत होतं. आई म्हणायची, हिने नुसतं मागितलं असतं तर माझीही देऊन टाकली असती."

मला पुढे बोलता येईना. तिनेच मग प्लास्टरचं विचारलं.

साडेबाराला काकू आल्या. डबा ओट्यावर पालथा होता, बुडाच्या नावावर पाण्याचे दोन थेंब. मी तो तसाच उचलून त्यांच्या हातात दिला.

"यात काही नाही, काकू."

"बरं झालं," म्हणत त्यांनी तो काखेत धरला. दाराशी थांबून म्हणाल्या, "उद्या तुमचा ईस्टरचा सण ना? तुझ्याकडे पाहुणे असतील. डबा आणू की नको?"

"आणा," मी म्हटलं.