गोधडीची मागची बाजू

"गोधडी ही पांघरायची वस्तू. ती संग्रहालयात भिंतीवर टांगून बघायचं तरी काय?" गुहागरच्या आसपास घरोघर गोधड्या बघत आणि त्यांची टिपणं करत मी फिरते. त्यामुळे हा प्रश्न मला पडवीत बसल्यावर विचारतात, एसटीत विचारतात आणि गणपतीला आलेले चाकरमानी तर हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्यांदा गोधडी उलटी करून बघायची. वरून कापड दिसतं, मागून हात दिसतो. धावदोरा काठाला समांतर घालत आत आत यायचं, ही आमच्याकडची पद्धत. कोपऱ्यावर आल्यावर बाई कशी वळली, दोरा संपल्यावर गाठ कुठे लपवली, हे सगळं मागे उमटतं. घाट चढून गेलं की कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या, बायकाही आपली कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, अशीच कडेपासून मध्याकडे शिवत नेतात आणि शेवटी कोपऱ्यांवर कापडाची घडीदार फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी त्यांना पुरी झाल्यासारखी वाटत नाही.

माझ्या आईच्या गोधडीत एका बाजूचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे आहेत. त्याला लागूनच वीतभर पट्टी अशी आहे की टाका बोटाच्या पेराएवढा, तोही वाकडा. ती पट्टी मी घातलेली. तेव्हा मी दहा वर्षांची होते. शिमगा झाला होता, शेतात काम नव्हतं, आणि दुपारी सारवलेल्या खळ्यात लुगड्यांचे थर पसरून चार कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. शेजारच्या दोन काकी एका टोकाला, आई दुसऱ्या टोकाला. मला मध्ये बसवलं. आईने माझे टाके उसवले नाहीत. ती पट्टी आजही तशीच आहे आणि तिच्यावरून मी कितीदा हात फिरवला असेल, सांगता येणार नाही.

आता कापड. वरचं लुगडं आजीचं. नऊवारी धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की सुई आपोआप आत जायची. काठ फाडून वेगळे ठेवले होते, ते कडेला लावले. आणि मधल्या थरात वडिलांचे खाकी कामाचे कपडे आहेत. ते गिरणगावात कामाला होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, लांबत गेला, आणि वडील गावी परतले ते कायमचे. खाकी परत घालायची वेळ आली नाही, तेव्हा आईने ती फाडली. बाहेरून काही दिसत नाही. पांघरलं की छातीवर तेवढा भाग जरा जड लागतो.

हे काचेआड कसं कळणार? कुणीतरी लिहून ठेवलं तरच. माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं.

मुंबईतल्या एका संग्रहालयात मी एक गोधडी बघितली. फार सुंदर होती. तिच्याखाली लिहिलं होतं: सुती, महाराष्ट्र, विसावं शतक, कारागीर अज्ञात. मागची बाजू भिंतीला. मी तिथे बराच वेळ उभी राहिले आणि मला रडू आलं. विसावं शतक म्हणजे काही शिलाहारांचा काळ नव्हे. ती शिवणारी बाई, निदान तिची सून किंवा नात, गोधडी घेतली त्या दिवशी त्याच घरात असणार. एक प्रश्न विचारला असता तर नाव मिळालं असतं.

न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने 1971 साली अमेरिकेतल्या जुन्या क्विल्ट, म्हणजे तिकडच्या गोधड्या, पांढऱ्या भिंतींवर चित्रांसारख्या लावल्या. लोकांची नजर बदलली, हे मोठंच काम झालं. पण बहुतेक क्विल्ट करणाऱ्या बायकांची नावं तिथे नव्हती. 2002 मध्ये अलाबामातल्या गीज बेंड या गावच्या काळ्या बायकांच्या क्विल्ट आधी ह्यूस्टनला आणि मग त्याच व्हिटनीत आल्या, त्या मात्र एकेकीच्या नावानिशी. त्यातली मिसूरी पेटवे यांची 1942 ची क्विल्ट वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची आहे. त्याच्या आठवणीत, मायेने ती अंगावर घ्यायची, म्हणून शिवलेली. हे त्यांच्या मुलीने सांगितलं, म्हणून जगाला माहीत झालं. वाचलं तेव्हा मला आईची खाकी आठवली. कोलकात्याजवळ जोका इथल्या गुरुसदय संग्रहालयात तर एक कांथा, म्हणजे बंगाली गोधडी, अशी आहे की मानदासुंदरी या बाईने वडिलांसाठी ती करून स्वतःचं नाव टाक्यांनीच त्यात लिहून ठेवलं.

मग गोधडी संग्रहालयात द्यावी का? माझं मत, द्यावी. आपल्याकडे ती टिकत नाही. पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट की ट्रंकेतल्या घड्यांवर बुरा येतो. आपण काय करतो, मे महिन्यात पऱ्यावर धुतो आणि कातळावर कडक उन्हात टाकतो. त्याने वास जातो, ढेकूण जातात आणि रंगही जातो. संग्रहालयात कापडावर साधारण 50 लक्स, म्हणजे अगदी मंद उजेड ठेवतात, कारण उजेडाने झालेलं नुकसान भरून येत नाही. घडीवर कापड तुटतं म्हणून ते गुंडाळून ठेवतात. एवढी निगा आपल्या घरात कोण राखणार? पण देताना मी दोन अटी घालीन: मागची बाजू बघता आली पाहिजे आणि नाव लिहिलं गेलं पाहिजे.

नावासाठी मी थांबून राहिलेले नाही. ज्या घरी जाते तिथे मांजरपाटाची छोटी पट्टी नेते, तिच्यावर दोऱ्याने नाव लिहायचं आणि मागच्या कोपऱ्यात टाचायची. परवा पलीकडच्या वाडीतल्या एका काकींकडे बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, गोधड्या सात.

"माजं नाव कशाला गो बाय?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही शिवलीत ना काकी?"

त्या गप्प बसल्या. सुपारी कातरून झाली तरी गप्पच. मग म्हणाल्या, "कुठचं नाव लिवतीस? म्हायेरचं का हितलं?"

मी विचारलं, तुम्हाला कुठलं हवं?

माहेरचं नाव त्यांनी दोनदा उच्चारून बघितलं. सुनेने ते पहिल्यांदाच ऐकलं. आम्ही दोन्ही नावं लिहिली, माहेरचं वर. पट्टी त्यांनी स्वतः टाचली, मला सुईला हात लावू दिला नाही.